सशांवर विष नको, गाडलेली जाळी हवी: वसाहतींच्या व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

आदरणीय पदाधिकारी आणि सभासदहो,

सप्रेम नमस्कार.

जंगली सशांनी घरामागच्या बागा फस्त केल्याच्या तक्रारी आल्या की समितीच्या बैठकीत बहुधा तीनच उपाय निघतात: विषारी आमिष टाकणे, पिंजरा लावून ससे लांब सोडून येणे, नाहीतर ज्याने त्याने आपले बघून घेणे. खात्रीने चालणारा उपाय चौथा आहे. बारीक भोकांची तारेची जाळी, तळाशी बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीत गाडलेली. आणि नेमकी तीच अनेक नियमावल्यांत अडकते. दर्शनी भागात तारेची जाळी नको, हद्दीलगत खणायचे नाही, कुंपण गुडघ्याएवढेच हवे, अशा अटींमुळे लोक अर्धवट कुंपण घालतात, ते फसते, आणि मग विषाची मागणी होते. या अटी बदलाव्यात आणि विष व पिंजरे यांवर बंदी आणावी, एवढ्यासाठी हे पत्र. जाळी कशी असावी हे सविस्तर लिहितो आहोत, कारण नियम मापांसकट लिहिला नाही तर त्याचा उपयोग होत नाही.

आधी मारण्याच्या उपायाबद्दल. सशिणीचा गर्भकाळ साधारण २८ ते ३१ दिवसांचा असतो. व्यायल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. हंगामात तिची अनेक वेते होतात आणि एका वेतात बहुधा तीन ते सहा पिल्ले असतात. परिसरातल्या सशांची संख्या ठरते ती चारा आणि आडोसा यांवर. चार ससे मारले तर त्यांच्या वाट्याचा चारा आणि आडोसा मोकळा होतो, आणि पलीकडच्या झुडपातले ससे तिथे येतात. बागेतला कोबी उघडाच राहिला असेल तर फरक काही आठवड्यांपुरता पडतो.

विषाचा मामला याहून वाईट. आमिष कोणी खायचे हे ठरवता येत नाही. ते कुत्रा खातो, मांजर खाते, आणि विष खाऊन सुस्तावलेला ससा घुबड किंवा ससाणा उचलतो. लहान मुले जिथे खेळतात त्या जमिनीवर ते टाकणे कोणत्याही समितीने मान्य करू नये. पुष्कळ देशांत परवान्याशिवाय असे विष टाकणे गुन्हाही आहे. पकडून दूर सोडणे दयाळूपणाचे वाटते, पण अनोळखी जागी सोडलेल्या सशाला बीळ, आडोसा, चारा यांतले काहीच माहीत नसते आणि बहुतेक वेळा तो लवकरच मरतो. शिवाय त्याच्यासोबत त्याचे रोगही नव्या जागी जातात. म्हणून अनेक ठिकाणी कायद्याने हेही मना आहे.

एकाच्या आवारातला उपाय आवारापुरता राहत नाही, याचे उदाहरण इतिहासात आहे. १९५२ साली फ्रान्समध्ये पॉल-फेलिक्स आर्माँ-दलील या डॉक्टरांनी स्वतःच्या जमिनीवरचे ससे कमी करण्यासाठी मिक्झोमॅटोसिस या सशांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू सोडला. तो त्यांच्या भिंतीआड थांबला नाही. पुढच्याच वर्षी तो ब्रिटनमध्ये पोचला आणि युरोपभर सशांचा संहार झाला. स्पेन आणि पोर्तुगाल ही ज्या युरोपीय सशाची मूळ भूमी, तिथे तो आज संकटग्रस्त मानला जातो, आणि मुख्यत्वे त्याच्यावर जगणारी आयबेरियन लिंक्स ही रानमांजराची जातही त्यामुळे अडचणीत आली. याच सशाने ऑस्ट्रेलियात, १८५९ साली थॉमस ऑस्टिन यांनी शिकारीसाठी सोडलेल्या सुमारे २४ सशांपासून, खंडभर धुमाकूळ घातला. म्हणजे प्राणी तोच, पण कुठे आणि किती यावर सगळे अवलंबून. तुमच्या भागातला जंगली ससा कोणत्या जातीचा आहे आणि कायद्याने संरक्षित आहे का, हे वनखात्याला विचारून सूचनाफलकावर लावा.

नुकसान सशाचेच आहे का, हेही आधी तपासायला हवे. सशाच्या वरच्या आणि खालच्या जबड्यात धारदार पटाशीचे दात असतात. त्यामुळे कोवळी काडी तिरपी आणि स्वच्छ कापली जाते, चाकूने छाटल्यासारखी. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते काडी ओढून तोडते, म्हणून टोक फाटलेले दिसते. गोगलगायी पानाला वेडीवाकडी भोके पाडतात आणि चिकट रेघ सोडतात. सशाची लेंडी वाटाण्याएवढी, गोल, कोरडी आणि आत गवताचा भुसा असलेली असते. कुरतडलेला भाग जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटरच्या आत असतो, कारण मागच्या पायांवर उभा राहून ससा तेवढाच पोचतो. घेवडा आणि वाटाण्याची रोपे, सॅलडची पाने, कोबीवर्गातली रोपे, गाजराचा पाला हे त्याचे पहिले लक्ष्य. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटो यांना तो सहसा तोंड लावत नाही, पण चारा आटला की हा नेमही मोडतो. म्हणून 'ससे न खाणारी झाडे लावा' हा सल्ला बागेच्या कडेला काय लावायचे एवढ्यापुरता ठीक. भाजीच्या वाफ्याचे रक्षण त्याने होत नाही.

आता जाळी.

घ्यायची ती जस्ताचा मुलामा दिलेली, षटकोनी भोकांची, कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात ती. भोक २५ मिलिमीटरचे असावे, फार तर ३१. याहून मोठ्या भोकातून पिल्ले सहज जातात, आणि रोपांचे सर्वाधिक नुकसान तीच करतात, कारण ती आडोशाजवळच चरतात. तार १८ गेजची, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीची. पातळ तार स्वस्त पडते, पण दोनतीन वर्षांत मातीच्या पातळीवर गंजून तुटते. प्लॅस्टिकची जाळी पक्ष्यांसाठी चालेल. ससा ती एका रात्रीत कुरतडतो.

गुंडाळी १२० सेंटिमीटर रुंदीची घ्यावी. तिचे गणित सोपे आहे: ९० सेंटिमीटर जमिनीवर, १५ सेंटिमीटर सरळ खाली, उरलेली १५ सेंटिमीटर काटकोनात बाहेर, म्हणजे ससा जिकडून येतो त्या बाजूला. हा बाहेरचा पदर हाच सगळ्या कामाचा जीव आहे. ससा नेहमी कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरायला लागतो. पंजे जाळीला लागले की तो बाजूला सरकून पुन्हा पायथ्याशीच उकरतो. हातभर मागे जाऊन तिथून बोगदा काढायचे त्याला सुचत नाही. नुसती सरळ खाली पुरलेली जाळी मात्र तो खालून पार करतो, कारण तिच्या कडेने खाली जाता येते. आत वळवलेला पदर तर काहीच कामाचा नाही, आणि ही चूक फार जण करतात.

ही मापे बिळे खोदणाऱ्या युरोपीय सशांना पुरतात. उत्तर अमेरिकेतले कॉटनटेल ससे सहसा स्वतः बिळे खणत नाहीत. त्यांच्यासाठी जमिनीवर ६० सेंटिमीटर उंची बहुतेक ठिकाणी भागते, पण पदर तरीही हवा, कारण सैल जाळी खालून उचलून ते शिरतात. उघड्यावर राहणारे लांब पायांचे ससे असतील तर उंची १ मीटरच्या वर न्यावी लागते. बर्फ साचणाऱ्या भागात उंची बर्फाच्या थरापासून मोजायची, जमिनीपासून नव्हे.

खांब दीड मीटर लांबीचे, ६० सेंटिमीटर जमिनीत, एकमेकांपासून २ ते २.५ मीटरवर. कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब जाड घ्यावेत आणि त्यांना आतून तिरका टेकू द्यावा. ताणाचा सगळा भार त्यांच्यावर येतो, आणि कोपऱ्याचा खांब कलला की पूर्ण बाजू सैल पडते. दोरी लावून खांब रोवले की बाहेरच्या अंगाने १५ सेंटिमीटर खोल आणि तेवढीच रुंद चरी खणावी. खांबांवर वरच्या टोकाला आणि जमिनीलगत अशा दोन ताणतारा, साधारण २.५ मिलिमीटर जाडीच्या, ओढून घ्याव्यात. जाळी खांबांच्या बाहेरून लावावी, म्हणजे सशाने ढकलली तरी ती खांबावर टेकते. आतून लावलेली जाळी खिळ्यांवरून सुटत जाते. फळीच्या कडेवर जाळी आधीच काटकोनात दुमडून घेतली तर चरीत ती नीट बसते. हातमोजे घालूनच हे काम करावे. प्रत्येक २० ते ३० सेंटिमीटरवर बांधणीच्या तारेने जाळी ताणतारांना आवळावी. दोन तुकडे जोडताना १५ सेंटिमीटर एकावर एक घेऊन वरपासून पदरापर्यंत शिवावेत. लोक वरचाच भाग शिवतात आणि सांधा जमिनीत उघडा राहतो.

जिथे मुळे, दगड, पाण्याचे नळ किंवा विजेच्या केबल आहेत तिथे चरी खणायचा हट्ट नको. पदर ३० सेंटिमीटरचा करून गवतावर सपाट पसरावा आणि यू आकाराच्या तारेच्या खुंट्यांनी प्रत्येक ५० सेंटिमीटरवर ठोकावा. एका हंगामात गवत त्यातून वर येते आणि पदर दिसेनासा होतो. तोवर गवत कापायच्या यंत्राचे पाते त्यात अडकणार नाही याची काळजी घ्यावी. समितीकडे भूमिगत वाहिन्यांचा नकाशा असतो. तो मागितल्यावर मिळाला तर हद्दीवर खणायला सरसकट बंदी घालण्याचे कारणच उरत नाही.

कुंपण फसते ते बहुतेक फाटकाशी. फाटकाखाली २.५ सेंटिमीटरहून जास्त फट नको, आणि फाटक कालांतराने कलते, म्हणून सुरुवातीला ती त्याहूनही कमी ठेवावी. खाली मातीच असेल तर ससा तिथूनच उकरतो. काँक्रीटची लादी किंवा विटांचा उंबरठा २० सेंटिमीटर खोल बसवावा आणि जाळीची दोन्ही टोके त्याला खेटून असावीत. बिजागऱ्या तीन असाव्यात. आपोआप बंद होणारी स्प्रिंग लावणे अत्यावश्यक. संध्याकाळी उघडे राहिलेले फाटक सगळी मेहनत वाया घालवते, कारण ससे चरायला निघतात ते तिन्हीसांजेला आणि पहाटे.

दुसरी जागा म्हणजे जाळीला टेकलेल्या वस्तू. लाकडांचा ढीग, खताची पेटी, पालापाचोळा यांवरून ससा वर चढतो. बाहेरच्या बाजूने अर्धा मीटर पट्टा मोकळा ठेवायचा. तिसरी, पाण्याचा निचरा होणारी नळी. तिच्या तोंडावर जाळीची झडप लावावी, पाणी बाहेर जाताना उघडणारी. चौथी, उतार. उतारावर जाळी आडवी ताणली की खोलगट जागी खाली फट पडते. तिथे जाळी कापून टप्प्याटप्प्याने लावावी. पहिला महिनाभर दर आठवड्याला आणि नंतर प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक फेरी मारावी. मातीच्या रेषेवर गंज दिसला तर पूर्ण जाळी बदलायची गरज नाही. ४५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी खालच्या भागावर, पदरासकट, वेगळी शिवता येते.

आता गणिताकडे बघा, कारण समितीसाठी कळीचा मुद्दा इथेच आहे. १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद अशा एका बागेला ३२ मीटर कुंपण लागते. सांधे धरून साधारण ३५ मीटर जाळी, १४ खांब आणि फाटकासाठी एक जादा. अशाच चार बागा, दोन ओळींत दोन-दोन, एकमेकींना लागून असतील तर वेगवेगळी कुंपणे मिळून १२८ मीटर. चौघांनी मिळून बाहेरून एकच कुंपण घातले तर ६४ मीटर. खर्च निम्मा, देखभाल निम्मी, आणि एका घराने हाकललेले ससे शेजारच्या वाफ्यात शिरण्याचा प्रश्नही मिटतो. रहिवासी हे आपापसांत जुळवून आणू शकत नाहीत, कारण हद्दीचा अधिकार तुमच्याकडे आहे.

कुंपण पूर्ण करण्याआधी आतले ससे बाहेर गेले आहेत याची खात्री हवी. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात १,८३३ किलोमीटरचे ससेरोधक कुंपण उभारले गेले, पण ते पुरे होण्याआधीच ससे त्याच्या पलीकडे पोचले होते. घरच्या बागेत हेच घडते. एक गाभण सशीण आत राहिली तर कुंपण तिचेच रक्षण करते. म्हणून शेवटची बाजू उघडी ठेवून सगळी झुडपे, शेडखालच्या जागा आणि लाकडी ओट्याखालचे कोपरे तपासावेत, आतल्या बाजूने सावकाश चालत ससे बाहेर काढावेत आणि त्याच दिवशी जाळी बंद करावी. शेडखाली कोणी आहे का ते कळायला भोकाशी वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबावा. दोन दिवस तो हलला नाही तरच जागा बंद करावी, तीही जाळी आणि पदर लावूनच.

पिल्लांचा हंगाम चालू असेल तर शेडखालची जागा बंद करणे पुढे ढकला. कॉटनटेलचे घरटे उघड्या हिरवळीत, तळहाताएवढ्या खड्ड्यात, वाळलेले गवत आणि आईच्या अंगावरचे केस यांनी झाकलेले असते. गवत कापणाऱ्या यंत्राखाली पिल्ले मरतात ती यामुळे. कापण्याआधी हिरवळ पायी फिरून बघण्याची सूचना तुमच्या माळ्याला द्या. घरटे सापडले तर भोवतीचा दोन मीटरचा भाग न कापता सोडावा. आई दिवसभर दिसत नाही म्हणून पिल्ले अनाथ समजून उचलू नयेत. ती मुद्दामच लांब राहते आणि तिन्हीसांजेला किंवा पहाटे काही मिनिटे येऊन दूध पाजते. खात्री करायची तर घरट्यावर दोन-तीन दोरे फुलीसारखे ठेवावेत. सकाळी ते सरकलेले असतील तर आई येऊन गेली. साधारण तीन आठवड्यांत पिल्ले घरटे सोडतात. तेवढी वाट बघणे कोणत्याही बागेला परवडते.

फळझाडांना वेगळे संरक्षण लागते, कारण चारा कमी झाला की ससे कोवळी साल सोलतात. प्रत्येक रोपाभोवती ६ ते १२ मिलिमीटर भोकाच्या जाळीचे नळकांडे, ६० सेंटिमीटर उंच, खोडापासून पाच सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर जमिनीत रोवलेले असावे. खोडाला चिकटलेल्या जाळीतून ससा साल कुरतडू शकतो. साल खोडाभोवती पूर्ण गोल निघाली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांना पोचत नाही आणि झाड मरते. एका बाजूने पट्टा शिल्लक असेल तर झाड सहसा सावरते. अशी पूर्ण गोल साल निघालेले मोलाचे झाड सेतू कलमाने वाचवता येते: गेल्या वर्षीच्या वाढीच्या, अजून न फुटलेल्या काड्या घेऊन त्यांचे खालचे टोक जखमेखालच्या आणि वरचे टोक जखमेवरच्या सालीत बसवायचे, दर पाच-सात सेंटिमीटरवर एक, आणि कलमाचे मेण लावून बंद करायचे. काडीची दिशा उलटी होता कामा नये.

फवारण्यांबद्दल थोडक्यात. अंड्याच्या कुजट वासाची किंवा तिखटाची प्रतिबंधक द्रावणे काही दिवस काम करतात. पावसाने धुतली जातात, नवी फूट आली की तिच्यावर ती नसतातच, आणि सशांना त्यांची सवयही होते. लेबलवर खाद्यपिकांचा उल्लेख नसेल तर भाजीवर मारू नयेत. डांबराच्या गोळ्या मातीत टाकायला सक्त मनाई करा. त्या माणसांना आणि पाळीव प्राण्यांना विषारी आहेत. न ऐकू येणारा आवाज काढणाऱ्या यंत्रांचा भरवशाचा परिणाम दिसत नाही. समितीचा निधी त्यांत घालू नये. मेलेला ससा उचलताना हातमोजे घालावेत, कारण ट्युलरेमियासारखे आजार सशांकडून माणसाला होऊ शकतात.

तर नियमावलीत आम्हाला हवे ते असे. ३१ मिलिमीटरपर्यंत भोकाची तारेची जाळी जमिनीवर ९० सेंटिमीटर उंचीपर्यंत, आणि लांब पायांच्या सशांच्या भागात १२० सेंटिमीटरपर्यंत, सर्व बाजूंना चालेल. हिरव्या किंवा काळ्या खांबांची अट घातलीत तर आमची हरकत नाही, काही पावलांवरून जाळी दिसतही नाही. हद्दीलगत १५ सेंटिमीटर खोल चरी किंवा ३० सेंटिमीटरचा सपाट पदर यांना वेगळी परवानगी लागू नये. लागून असलेल्या बागांनी एकत्र कुंपण मागितले तर समितीने एका महिन्यात होकार किंवा कारणासह नकार द्यावा. सामायिक जागेतले झाडोऱ्याचे ढीग कुंपणापासून दूर हलवावेत, पण सगळी झुडपे छाटू नयेत. सशांना राहायला जागा उरली पाहिजे, ती वाफ्यांपासून लांब असली म्हणजे झाले. विषारी आमिष, फास आणि पिंजरे यांना सामायिक व खासगी दोन्ही जागांत मनाई असावी, आणि पाळीव ससे मोकळे सोडण्यालाही.

ठराव पेरणीच्या हंगामाआधी किमान दोन महिने व्हावा. खांब रोवायला जमीन मऊ असलेला काळ बरा, आणि रोपे उगवण्याआधी जाळी उभी असावी लागते. एकदा वाफ्याची चटक लागलेला ससा नव्या जाळीवर रोज रात्री जोर लावतो. ज्या समित्यांना नमुना म्हणून आधी एकाच कोपऱ्यातल्या बागांवर हे करून बघायचे असेल त्यांनी सर्वांत जास्त नुकसान होणारा कोपरा निवडावा, तिथली फेरी मारण्याची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी आणि फाटकाच्या स्प्रिंगचा खर्च निधीतून करावा.

आपले,
घरच्या बागा राखणारे बागकर्मी